फलकावरचे एकच नाव

१) जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी नामांकित फॅशन डिझायनरांची प्रदर्शने भरवण्याचा सध्या सपाटा लावला आहे. ती अवश्य पाहावीत. वस्त्र हा इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. आक्षेप आहे तो हा पुरावा मांडण्याच्या पद्धतीवर.

२) २०१९ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘क्रिस्तियाँ दिओर : डिझायनर ऑफ ड्रीम्स’ हे प्रदर्शन भरले. सुमारे ५ लाख ९५ हजार लोकांनी ते पाहिले. संग्रहालयाच्या इतिहासातील तो तोवरचा उच्चांक होता.

३) आता तारखा पाहा. दिओर यांचा पहिला संग्रह आला फेब्रुवारी १९४७ मध्ये आणि १९५७ साली ते वारले. कर्तृत्वाची वर्षे जेमतेम दहा. प्रदर्शन मात्र सत्तर वर्षांचे! उरलेली साठ वर्षे इव्ह सां लोराँ ते मारिया ग्रात्सिया क्युरी अशा सहा जणांनी ते घर चालवले. म्हणजे दारावरचे नाव व्यक्तीचे नव्हे, व्यापारचिन्हाचे होते.

४) त्यातील बरीचशी वस्त्रे आली होती खुद्द दिओर कंपनीच्या संग्रहातून. ज्या कंपनीचा माल आजही दुकानात विकला जातो, तिच्याच कोठारातून तिचा इतिहास मांडला जात असेल, तर तो इतिहास कोणाच्या सोयीचा असेल? २००० साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये जॉर्जो अरमानींचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांच्या देणगीच्या बातम्यांवरून हाच वाद पेटला होता.

५) या एका नावाच्या झगमगाटात हरवतात ते हात. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला ‘मोरपिसांचा पोशाख’ आठवा. त्यावरचे जरदोजी काम झाले हिंदुस्थानात. मोरपिसांच्या डोळ्यांच्या जागी भुंगेऱ्यांचे चकाकते पंख टाकले होते. मग ते कापड पॅरिसला गेले आणि वर्थच्या पेढीत शिवले गेले.

६) आज इंग्लंडमधील केडलस्टन हॉलमध्ये असलेला हा पोशाख जग ‘वर्थचा’ म्हणून ओळखते. गंमत अशी की पेढीचे संस्थापक चार्ल्स वर्थ १८९५ सालीच निवर्तले होते. मृत मालकाचे नाव टिकले. सुई चालवणाऱ्या जिवंत माणसांची नावे कोणाच्या ओठी नाहीत.

७) यावर ठरलेले उत्तर येते : “कल्पना डिझायनरची, बाकीचे केवळ हात.” चित्रकलेच्या दालनात मात्र हीच संग्रहालये फलकावर ‘रुबेन्स आणि त्यांची कार्यशाळा’ असे बिनदिक्कत लिहितात. श्रेय विभागण्याची रीत त्यांना ठाऊक आहे. कपड्यांपाशी आल्यावरच तिचा विसर का पडावा?

८) श्रेय देणे अशक्य आहे, असेही नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी आपला संग्रह सादर केला. तिथले भव्य तोरण मुंबईच्या ‘चाणक्य’ संस्थेतील कारागिरांनी भरले होते आणि संस्थेचे नाव उघडपणे घेतले गेले. एका विक्रेत्या कंपनीला हे जमते, तर ज्ञानाची राखण करणाऱ्या संग्रहालयांनी त्याहून पुढे जायला नको का? संस्थेच्या नावावर न थांबता कारागिरांच्या नावांपर्यंत पोहोचायला हवे.

९) व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे मूळ रूप १८५२ साली उभे राहिले, ते उत्तम वस्तू कशा घडतात हे कारागीर, उत्पादक आणि सामान्यजनांना दाखवण्यासाठी. ‘कोणी घडवली’ हा प्रश्न गाळणे म्हणजे आपल्याच पायाशी केलेली प्रतारणा होय.

१०) तेव्हा असे प्रदर्शन पाहाल, तेव्हा फलकावर चार गोष्टी शोधा : कापड कुठे विणले, भरतकाम कोणी केले, शिवले कोणी, आणि ही वस्तू इथे आणली कोणी. उत्तर नसेल तर अभिप्रायवहीत लिहा, क्युरेटरला पत्र पाठवा. फलक बदलता येतात. जुन्या वस्तूंचे कर्ते नव्याने सिद्ध झाले, तेव्हा ते अनेकदा बदललेही आहेत.