धोट्याला लागलेले ओठ

मागावरच्या धोट्यातले सूत संपले की साचेवाला कांडी बदलत असे. नव्या कांडीचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा झटपट उपाय एकच होता. धोटा ओठांना लावायचा, दम आत ओढायचा, सूत तोंडात आले की ते बाहेर घ्यायचे आणि माग पुन्हा सुरू करायचा. कामाच्या एका दिवसात हे कितीदा होई याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पाळी संपली की तो धोटा दुसऱ्याच्या हाती जाई, आणि अर्थात दुसऱ्याच्या ओठी.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्याचा, म्हणजे विणाईचा, पगार कातणखात्यापेक्षा बरा होता. पण अस्पृश्य म्हणून शिक्का मारलेल्या कामगाराला त्या खात्याच्या दारातून आत जाता येत नव्हते, कारण हा धोटा. महाराच्या, चांभाराच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असा सवाल होता. म्हणून त्याने कातणखात्यात राबायचे, कमी पगार घ्यायचा आणि तहान लागली तर वेगळ्या ठेवलेल्या पाण्याकडे जायचे. ही बंदी सरकारच्या कोणत्या कायद्यात लिहिलेली नव्हती. मालकाला तर हात हवे होते. ते कोणाचे हे विचारायला त्याला फुरसत नव्हती. बंदी घातली होती शेजारच्या मागावर घाम गाळणाऱ्या भावंडांनी. त्याच रत्नागिरीहून, त्याच साताऱ्याहून, त्याच बोटीने आणि त्याच आगगाडीने आलेल्यांनी.

अमेरिकेतही कापडगिरण्या होत्या आणि तिथेही धोट्यातले सूत तोंडाने ओढत. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली कायदा करून ती चाल बंद केली, कारण एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आपल्याकडे कोंदट चाळीत दहा-दहा जण एका खोलीत झोपणाऱ्या, कापसाची धूळ गिळून खोकणाऱ्या माणसांना क्षयाचे भय वाटले नाही. भय वाटले ते विटाळाचे. थुंकीतले जंतू चालत होते, थुंकीतली जात चालत नव्हती.

संपाचा आणि संघटनांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण मालक विरुद्ध मजूर अशी एक रेघ ओढतात आणि पुढे निघतात. मला त्या रेघेच्या आतल्या भेगेविषयी बोलायचे आहे. ती भेग मालकाने पाडलेली नव्हती. ती आपण गावाहून वळकटीत बांधून आणली होती.

रविवारपासून सुरुवात करू, कारण तो दिवस तुम्ही-आम्ही सगळेच मटणाच्या वासात आणि लोळण्यात घालवतो. मुंबईत 1854 साली कावसजी दावरांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांचे जंगल उभे राहिले, आणि त्यात कामाचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आठवड्याची सुट्टी नावाची वस्तूच नव्हती. सण आला तर मिळे, नाहीतर यंत्र साफ करायच्या दिवशीही हजर राहावे लागे. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे एका गिरणीत भांडारपाल होते. 'दीनबंधू' पत्र चालवत होते. त्यांनी 1884 सालच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात हात सापडला तर काही भरपाई. यातल्या एकाही मागणीला आज कोणी क्रांती म्हणणार नाही. तेव्हा म्हणत होते.

सहा वर्षे गेली. 1890 सालच्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि त्या काळातल्या आमच्या शिकल्यासवरल्या घरांतल्या बायकांना माजघरातून ओसरीवर यायची मुभा नव्हती हे लक्षात असू द्या. जून महिन्यात गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, कष्टकऱ्यांच्या दैवताचा. तो त्यांनाच मिळाला आणि त्यांच्यामुळे सगळ्यांना मिळाला.

त्या वेळी आमचे सुशिक्षित कुठे होते? बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रे कारखान्यांच्या कायद्याविरुद्ध लिहीत होती. युक्तिवाद असा की मजुरांच्या तासांवर बंधन हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, देशी धंदा मारण्याचा. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होता, हे खरेच. पण सात वर्षांच्या पोरांना गिरणीत उभे करणारा देशी धंदा राष्ट्रीय कसा ठरतो, हे त्या लेखण्यांनी सांगितले नाही. आणि ज्यांच्या सुट्टीला राष्ट्रीय पत्रांनी विरोध केला, त्याच गिरणी कामगारांनी 1908 सालच्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वर्षाला एक असे सहा दिवस काम बंद ठेवले. लष्कर आले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. राष्ट्राने त्यांना सुट्टी द्यायला का-कू केली. त्यांनी राष्ट्राला रक्त देताना केली नाही.

लोखंड्यांच्याच प्रेरणेने 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी एक संप केला, तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. विधवांचे केशवपन आम्ही यापुढे करणार नाही, असे त्यांनी ठरवले. पगारासाठी नव्हे, तासांसाठी नव्हे. एका निष्पाप बाईच्या डोक्यावर वस्तरा धरायला आमचा हात उठत नाही, एवढ्यासाठी. धर्मशास्त्र ज्यांना पाठ होते त्यांना जे सुचले नाही, ते धोकटी घेऊन दारोदार फिरणाऱ्यांना सुचले. शाळेच्या पुस्तकात सुधारकांची यादी असते. तीत हे नाभिक नाहीत.

आता 1928 साल. एप्रिलमध्ये सुरू झालेला गिरण्यांचा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर होती. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, अर्जुन आळवे या पुढाऱ्यांची नावे या संपाने घरोघरी पोचवली. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सहा महिने पगाराविना काढणे म्हणजे काय, ते ज्यांनी काढले त्यांच्या घरात विचारा: बायकोच्या गळ्यातली पोत सावकाराकडे, पोरे गावी, उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवालीच्या वहीत पानेच्या पाने भरलेली. त्या माणसांच्या धीराविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच पुढचे बोलतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांना साधा प्रश्न केला. तुमच्या मागण्यांच्या यादीत साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी का नाही? ती घातली नाही तर माझ्या माणसांना तुमच्या संपात राहा असे मी का सांगावे? तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली, तीही नाइलाजाने. संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे ती वाचली गेली तेव्हा मालकांच्या बाजूने उत्तर आले की हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नाही. मालकांनी आयुष्यात जी थोडी खरी वाक्ये उच्चारली, त्यांतले हे एक. ज्यांनी साम्राज्यशाहीला आव्हान दिले, ज्यांनी घोडेस्वार पोलिसांपुढे छाती काढली, त्यांनी आपल्याच सभासदांना 'धोटा धुऊन घ्या आणि त्याला मागावर बसू द्या' एवढे खडसावून सांगण्याचे धाडस केले नाही. सभासद दुखावतील, युनियन फुटेल, हे भय.

पुढच्या वर्षी पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला, आणि आजही काही जण त्यांना त्याबद्दल फुटीर म्हणतात. ज्याला तुम्ही पंगतीतच घेतले नव्हते, तो पंगत मोडून उठला असे म्हणता येते का?

वर्गाच्या लढ्याशी आंबेडकरांचे वाकडे असते तर 1938 साल घडलेच नसते. त्या वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की या देशातल्या कामगाराला दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि 7 नोव्हेंबरला, मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरले. संपावर जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तजवीज त्या विधेयकात होती. विधिमंडळात त्यांनी मांडलेला मुद्दा वकिलाचा होता आणि माणसाचाही: काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हे त्यांच्या लेखी स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव होते. साचेखात्याच्या दारात अडवलेला माणूस त्या दिवशी अडवणाऱ्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरला. विधेयक तरी मंजूर झालेच.

1982 सालच्या संपाबद्दल फार लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि बोलणारे त्याहून जास्त. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात त्याचा निकाल मात्र चाळीस वर्षांपूर्वीच लागला आहे: 'सामंताने गिरण्या बुडवल्या.' नफा काढून घेऊन यंत्रे तीच जुनी ठेवणारे मालक त्या निकालात येत नाहीत. गिरण्यांचे काम ओढून नेणारे भिवंडीचे यंत्रमाग येत नाहीत. कामगाराला नको असलेली एकच युनियन त्याच्या डोक्यावर बसवून ठेवणारा 1946 चा कायदाही येत नाही. जमिनीचे तर नावच नको. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. 2001 साली शब्द असे फिरवले की वाटणी फक्त रिकाम्या जागेची उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परळच्या मॉलमध्ये थंड हवेत फिरताना आपण कोणाच्या वाट्यावर चालतो आहोत, हे किती जणांना सुचते?

संप शिकलेल्यांनी केला तर आपली भाषा कशी बदलते, तेही पाहा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी 1977-78 साली 54 दिवस संप केला. 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी पुन्हा केला. तो 'न्याय्य लढा'. मधल्या काळात एसटीचे चालक-वाहक महिनोन्‌महिने संपावर बसले, तर 'जनतेला वेठीस धरले'. जनता म्हणजे आपण, ते कोण?

साचेखाते आता उरले नाही, धोटाही उरला नाही. ज्यांना त्या खात्याचे दार बंद होते, त्यांची नातवंडे आज कुठे आहेत ते पाहायला पहाटे पाचला मुंबईच्या कोणत्याही नाक्यावर जावे. कचऱ्याच्या गाडीवर उघड्या हातांनी उभे असलेले ते लोक. कागदोपत्री ते कंत्राटी. त्यांच्यापैकी काहींना तर कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हटले गेले, म्हणजे हौसेने कचरा उचलणारे! कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवले, तेव्हा 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून 2,700 जणांना कायम करण्याचा आदेश मिळाला. करोनाच्या टाळेबंदीच्या तोंडावर याच लोकांसाठी आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांची बातमी आतल्या पानावर येते आणि तिच्यातली आडनावे पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांची असतात. या मरणांविरुद्ध संप झाला तर शहर तीन दिवसांत नाकाला रुमाल लावील आणि चौथ्या दिवशी पोलीस बोलवा म्हणेल.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक विषय आला. जिने झाडणाऱ्या, घरोघरचा कचरा खाली नेणाऱ्या मावशींनी रविवारची सुट्टी मागितली होती. अकरा वर्षे त्या एकही रविवार न चुकता येत होत्या, हे त्या दिवशी आम्हाला कळले. किंवा असे म्हणू, मोजावे लागले. एक बाई म्हणाल्या, शनिवारच्या मासळीचा कचरा सोमवारपर्यंत घरात ठेवायचा का? एक गृहस्थ, जे स्वतः त्या 54 दिवसांच्या संपात होते आणि ते अभिमानाने सांगतात, म्हणाले, "एकदा दिली की उद्या बोनस मागतील." मी लोखंड्यांचे नाव काढले. कोणी तरी म्हणाले, "सर, इथे इतिहास नको." तासाभराने ठराव झाला: रविवारी अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कापून.

मावशी दाराशी उभ्या होत्या. ठराव ऐकून "बरं" म्हणाल्या. मग चहा आला. आम्हा सगळ्यांना कपबशीत आणि मावशींना कागदी पेल्यात. ते पेले त्यांच्यासाठीच वेगळे आणून ठेवलेले असतात. मी ते पाहिले. माझा कप संपवला आणि ठरावाखाली सही केली.