विश्लेषण : जनसंपर्काच्या शिक्षकांची परिषद वऱ्हाडात घ्यायची, तर…

वऱ्हाडात ‘जनसंपर्क’ हा शब्द बहुतेकांना आमदारांच्या कार्यालयावरील पाटीमुळे ठाऊक असतो. हा विषय महाविद्यालयांत शिकवला जातो, त्याला शिक्षक आहेत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या शिक्षकांची शैक्षणिक परिषद अमरावती किंवा अकोल्यात घ्यायची ठरली, तर सभागृह आणि भोजनाच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागेल. परिषदेतून वर्गात शिकवण्याजोगे काही हाती लागणार, की केवळ प्रमाणपत्र?

हे शिक्षक कोण आहेत?

नेट परीक्षेत जनसंपर्क हा स्वतंत्र विषय नाही. तो जनसंवाद व पत्रकारिता या विषयाचा एक भाग आहे. त्यामुळे जनसंपर्क शिकवणारा बहुधा पत्रकारितेचा प्राध्यापक असतो, कधी बातमीदारी सोडून आलेला, तर कधी तासिका तत्त्वावर काम करणारा. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीत २०११ पासून आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. मात्र संस्थेचा जाहिरात व जनसंपर्काचा पदविका अभ्यासक्रम वर्षानुवर्षे दिल्लीतच चालत आला. अमरावतीची ओळख पत्रकारितेची राहिली. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांचे. त्यात विखुरलेले हे शिक्षक एकत्र येतील असे निमित्त क्वचितच असते.

गुणांचे गणित काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत परिषदेतील शोधनिबंध वाचनाला आणि निमंत्रित व्याख्यानाला गुण आहेत. राज्य वा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय ३, देशात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ आणि परदेशात ७. मग निमंत्रण पत्रिकेवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द का चढतो, हे वेगळे सांगायला नको. परदेशातील एखादा पाहुणा ऑनलाइन वीस मिनिटे बोलतो आणि २ च्या जागी ५ गुणांची सोय होते. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची पदोन्नती या आकड्यांवर अडलेली असते. पण त्यामुळे एका दिवसात शंभरेक निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे आणि चर्चेला शून्य, असा प्रकार घडतो. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. निबंधाचा दर्जा पाहण्याची जबाबदारी आता संस्थांवर, म्हणजे परिषदेपुरती आयोजकांवरही आहे.

वऱ्हाडातच का?

पाठ्यपुस्तकात संकटकाळातील जनसंपर्क म्हटले की शिकागोतील टायलेनॉल प्रकरण हमखास येते. १९८२ मध्ये विषारी कॅप्सूलने सात जण दगावले आणि कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. उदाहरण उत्तमच आहे. पण अचलपूरच्या विद्यार्थ्याने स्वतः अनुभवलेले संकट त्याच्या पुस्तकात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात सुरुवातीला ज्या भागांत जाणवली, त्यात अमरावती आणि अकोला होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपुरात टाळेबंदी लागू झाली. विषाणूचा नवा प्रकार आला आहे का, यावर उलटसुलट माहिती फिरत होती. प्रशासनाने कधी काय सांगितले, लोकांपर्यंत काय पोहोचले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे काय झाले, हा प्रत्येकी एका तासिकेचा विषय आहे.

दुसरे उदाहरण तर परिषदेला येण्याच्या वाटेवरच आहे. अमरावती-अकोला महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडले. मग ३ ते ७ जून २०२२ या काळात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनेस विक्रम झाला. हे ७५ किलोमीटर एका मार्गिकेचे होते. दोन मार्गिकांच्या हिशेबाने लांबी साडेसदतीस किलोमीटर भरते. विक्रमाची बातमी देशभर गेली, रखडपट्टीची गेली नाही. जनसंपर्काचे यश ते हेच का, यावर शिक्षकांत मतभेद व्हायला हवेत.

यवतमाळमध्ये २०१७ साली कीटकनाशक फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावरची सूचना कुणाला वाचता येत होती, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. तो जनसंपर्काचाही आहे. उलट बाजूला अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी आहे. पत्रकात लिहिण्याऐवजी शेतकऱ्याला थेट वाणासमोर उभे करायचे, ही पद्धत कुठल्याही विदेशी प्रारूपाइतकी अभ्यासण्याजोगी आहे. अशी प्रकरणे मराठीत, शासकीय पत्रके आणि कात्रणांसह लिहून आणणे हीच सहभागाची अट ठेवली, तर दोन दिवसांत वीस प्रकरणांचा संच तयार होऊ शकतो. निबंध शंभर नसतील, पण पुढच्या वर्षी वर्गात वापरता येतील.

तारीख आणि पैसा कसा ठरवावा?

राष्ट्रीय जनसंपर्क दिन २१ एप्रिलला असतो. ती तारीख मोहाची असली तरी वऱ्हाडासाठी चुकीची. तेव्हा अकोल्याचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि विद्यापीठाच्या परीक्षांची धामधूमही. जानेवारी सोयीचा. मुंबईचा वक्ता रेल्वेने बडनेरा किंवा अकोल्याला उतरू शकतो. एप्रिल २०२५ पासून बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवाही सुरू झाली आहे.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अशा कार्यक्रमांना अनुदान देते, पण अर्जाची तयारी काही महिने आधी, म्हणजे पावसाळ्यातच करावी लागते. अनुदान नसेल तर भार नोंदणी शुल्कावर येतो. तासिकेवरचा शिक्षक मेहकरहून अमरावतीला आला, तर शुल्क आणि प्रवास त्याच्या खिशातून जातो आणि दोन दिवसांच्या तासिकांचे मानधनही बुडते. हा विषय प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांत त्याच्यासारखे अनेक आहेत. अंदाजपत्रकात पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्हे आणि फलकांच्या आधी त्याच्या प्रवासखर्चाची ओळ आहे की नाही, हे आयोजकांना पहिल्याच बैठकीत ठरवावे लागेल.