इन्सुलिन माठात, साखर खिशात



रोहिण्या तोंडावर आल्या. आता वऱ्हाडात घरोघरी बियाणे पारखणे, तुरीला व सोयाबीनला लावायची जिवाणू खताची पाकिटे आणणे सुरू होईल. ही पाकिटे उन्हात ठेवू नका, आतले जिवाणू मरतात, हे आम्ही दरसाल सांगतो. आज त्याच घरातल्या दुसऱ्या एका नाजूक वस्तूविषयी सांगायचे आहे, ती म्हणजे इन्सुलिनची बाटली. डोस किती घ्यावा, हे डॉक्टरांनी सांगायचे. पण बाटली सांभाळणे आणि कामाचा व जेवणाचा मेळ घालणे घरच्या माणसांच्याच हाती आहे.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. अंड्यातला पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसेच उष्णतेने बिघडलेले इन्सुलिन पुन्हा सुधारत नाही. न फोडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियस थंडाव्यात ठेवावी लागते. फोडलेली बाटली २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण ४ आठवडे चालते. आपल्या अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या घरात फळीवर ठेवलेली बाटली दिसायला जशीच्या तशी राहते, पण तिची ताकद जाते. माणूस रोज सुई टोचून घेतो आणि रक्तातली साखर चढतच राहते.

घरी फ्रीज असेल तर बाटली खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे. फ्रीज नसेल तर पसरट मडक्यात ओली रेती भरावी, तीत लहान गाडगे बसवावे आणि झाकणाच्या डबीत घातलेली बाटली त्या गाडग्यात ठेवावी. वरून ओले फडके टाकून मडके सावलीत, वाऱ्यावर ठेवावे आणि रेतीला सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. ही सोय वापरातल्या बाटलीसाठी आहे. म्हणून जास्त बाटल्या आणून साठवू नका. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन गढूळ झाले किंवा गढूळ प्रकारच्या इन्सुलिनमध्ये हलक्या हाताने घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली वापरू नका.

फवारणीचे औषध तुम्ही मापानेच घेता. इथेही मापाला तितकेच महत्त्व आहे. बाटलीवर ४० किंवा १०० हा आकडा असतो. तोच आकडा सिरिंजवर हवा. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातील. हे जिवावर बेतू शकते.

आता वावरातली गोष्ट. डवरणी, निंदण, कपाशीची वेचणी अशा कष्टाच्या कामात शरीर साखर भराभर वापरते. सकाळी सुई घेतली, भाकर मात्र दुपारवर ढकलली, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. लोकांना वाटते ऊन लागले, नाहीतर माणूस दारू प्याला. अशा वेळी ताबडतोब काम थांबवा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग भाकर खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवून १०८ ला फोन करा. फवारणी करताना असे झाले तर साखर देऊनही थेट दवाखाना गाठा, कारण विषबाधेतही घाम आणि थरथर असते. साखरेची पुडी खिशात हवी आणि सोबतच्या माणसाला ती कशासाठी आहे हे ठाऊक हवे.

साखर उतरण्याच्या भीतीने इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. एकादशी आली, जडीबुटीवाला भेटला, तरी नाही. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत. आजही सुई बंद केली तर काही दिवसांतच उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते. असे दिसताच त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तेव्हा पेरणीच्या गर्दीआधी एक दिवस काढा. ग्रामीण रुग्णालयात, अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन साखर तपासून घ्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही विचारा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आता दिवसभर वावरात राबायचे आहे, डोस आणि जेवणाच्या वेळा कशा ठेवू?" उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

पुढील अंकी तुरीच्या बीजप्रक्रियेविषयी लिहू.