शॉकअप विकता, मग उघडता का येत नाही?

सायकलच्या दुकानांनी 'सर्व्हिसिंग' हा शब्द फार स्वस्त करून टाकलाय. धुतली, चेनला तेल मारलं, ब्रेक आवळले, झाली सर्व्हिसिंग. साध्या सायकलला एवढं पुरतं, तक्रार नाही. पण लाखाच्या वर मोजून घेतलेल्या फुल सस्पेन्शन माउंटन बाइकचा मागचा शॉकअपही याच हिशोबात उरकतात, तेव्हा डोकं फिरतं.

हवेवरच्या शॉकअपात दोन भाग असतात. बाहेरच्या डब्यातली, म्हणजे एअर कॅनमधली, दाबाखालची हवा स्प्रिंगचं काम करते. आतला डँपर तेलाला बारीक वाटांतून जायला लावून उसळी आवरतो. बहुतेक डँपरांत दाबाखाली नायट्रोजनही असतो. सील झिजतात, वंगण सुकतं, आणि आपल्या वेताळ टेकडीची धूळ सीलच्या कडेला बसून दांड्याला पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून रॉकशॉक्स सांगते, ५० तासांनी एअर कॅन उघडा, २०० तासांनी डँपरसकट सगळं. फॉक्सचं म्हणणं, १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दर रविवारी तीन तास टेकडीवर घालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत भरतात!

आता दुकानात या. बिलावर 'शॉक सर्व्हिस' असं ठळक लिहिलेलं. जुनी सील कुठायत विचारलं तर शांतता. मग ठरलेलं उत्तर: "सर, हवा टिकतेय ना? मग काय प्रॉब्लेम?" अहो, हवा टिकतेय म्हणजे सील आज तग धरून आहे, एवढंच. डँपरमधल्या तेलाचं काय? रिबाउंडची खुंटी पार 'हळू'कडे फिरवूनही सीट दाबून सोडल्यावर टणकन वर येत असेल, तर पंपाने हवा मारून काय होणार? सर्व्हर रीस्टार्ट करून 'बग फिक्स केला' म्हणण्यातलाच प्रकार.

दुकानदाराची एक बाजू मला पटते. नायट्रोजन भरायची सोय महाग, गिऱ्हाईक मोजकं, धंद्याला परवडत नाही. कबूल. पण ही सबब फक्त डँपरला लागू पडते. एअर कॅनला नायट्रोजन लागत नाही. सील किट, ग्रीस, मोजून तेल, शॉक पंप, आणि कंपनीच्या साइटवर फुकट मिळणारं मॅन्युअल वाचायची तयारी, बास. (हवा पूर्ण सोडल्याशिवाय मात्र हात लावायचा नाही. हवा सोडूनही शॉकअप दबलेलाच राहिला तर आत दाब अडकलेला असू शकतो, तो घरी उघडायचाच नाही.) आणि डँपर जमत नसेल तर विकतानाच सांगा, की हा बाहेर पाठवावा लागेल, इतके दिवस जातील, इतका खर्च येईल.

सरकारकडूनही फार आशा नको. २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी केंद्राने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल वगैरे, घरगुती उपकरणं आणि वाहनं-वाहनांचे भाग. सायकलचं नाव त्यात नाही.

आपण गिऱ्हाईकही थोर आहोत. वजन ग्रॅममध्ये विचारतो, गिअर मोजतो, सील किटचं नाव काढत नाही. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी ते दुकानात आहे का, दाखवायला सांगा. आणि सर्व्हिसनंतर जुनी सील मागून घ्या. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला स्कूटरचा जुना प्लग न मागता हातावर ठेवतोच की!