एलईडीचा पुढचा अवतार अडलाय कुठे?

नाकाडोंगरीच्या पोरांना मँगनीज नवं नाही. शेजारी डोंगरी बुजुर्गला मॉइलची खुली खाण, तिथलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलवाल्यांकडे जातं. पण याच मूलद्रव्याचे थोडे आयन पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकात मिसळले, तर नारिंगी प्रकाश मिळतो, हे किती जणांना माहितीये?

पेरोव्हस्काइट एलईडी द्रावणातून पातळ थर टाकून बनवता येतात आणि रंग एकदम शुद्ध देतात. २०१४ मध्ये केंब्रिजच्या गटाने खोलीच्या तापमानाला असा दिवा पेटवला, तेव्हा कार्यक्षमता १ टक्क्याच्याही आत होती. २०१८ मध्ये २० टक्के ओलांडले, आता काही प्रयोगांत ३० च्या वर. मग दुकानात का नाही?

बातम्या चमकणाऱ्या थराच्याच येतात. खरी गोम बाजूच्या थरांत आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन, दुसरीकडून ‘होल’ आत यायला हवेत. दोघं भेटले की प्रकाश. इलेक्ट्रॉन भराभर आले आणि होल रेंगाळले, तर जादा इलेक्ट्रॉन नुसती उष्णता करतात. टिपर दहा आणि लोडर एक, तसली गत! म्हणून २०१८ च्या एका विक्रमी हिरव्या एलईडीत चक्क पीएमएमएचा, म्हणजे अॅक्रिलिकचा, पातळ थर घातला होता. विजेला अडवणारा पदार्थ मुद्दाम वाटेत ठेवून जोडी जुळवली.

दुसरी भानगड रसायनाची. झिंक ऑक्साइड इलेक्ट्रॉन छान वाहून नेतो, पण त्याचा आम्लारीधर्मी पृष्ठभाग पेरोव्हस्काइटमधल्या मिथाइलअमोनियमचा प्रोटॉन ओढतो आणि वरचा थर बिघडतो. होल आणणारं पेडॉट-पीएसएस उलट आम्लधर्मी, ते खालचा पारदर्शक इलेक्ट्रोड खातं. उपाय म्हणून मध्ये पॉलिमरचं काही नॅनोमीटरचं अस्तर देतात. म्हणजे बारावीचं आम्ल-आम्लारीच की हे!

आयुष्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. घरातला एलईडी हजारो तास चालतो. हे दिवे भरपूर उजेडावर त्याआधीच मंदावतात, निळा तर सगळ्यात कच्चा. शिवाय शिसं आहेच.

आयआयटी मुंबईत प्रा. दिनेश काब्रांचा गट पेरोव्हस्काइटवर काम करतो. चर्चा होते ती सोलर सेलची, पण तिथेही हेच थर लागतात, फक्त वाहतूक उलटी, आतून बाहेर. त्यामुळे सोलरवरचा पैसा एलईडीलाही उपयोगी पडेल, असं मला वाटतं. आणि डोंगरी बुजुर्गला इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. शुद्ध रसायन बनवायची सवय असलेल्या भागातल्या बीएस्सीवाल्यांनी या थरांकडे लक्ष द्यायला हरकत काय?