विकासदर वाढला, पण पगाराची नोकरी कुठे आहे?

विकासदराचा नवा आकडा आला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एकाला वाटते देश महासत्ता झाला, दुसऱ्याला वाटते आकडाच खोटा आहे. दोघेही मूळ प्रश्न टाळतात. ही वाढ कोणाच्या घामातून होते आणि महिनाअखेर त्याच्या हातात काय पडते?

१९९१ नंतर भारत झपाट्याने वाढला, हे आधी मान्य केले पाहिजे. आत्यंतिक गरिबी घटली, घरोघरी वीज, गॅस आणि मोबाइल पोचला. २०२२ मध्ये आपण ब्रिटनला मागे टाकून जगातील पाचवी मोठी अर्थव्यवस्था झालो. पण सरासरी भारतीयाचे उत्पन्न सरासरी ब्रिटिशाच्या जेमतेम विसाव्या भागाइतके आहे आणि सुमारे ८० कोटी लोकांना सरकारला मोफत धान्य द्यावे लागते. ही दोन्ही चित्रे एकाच देशाची आहेत.

१९७८ नंतर चीनने कोट्यवधी माणसे शेतातून कारखान्यात नेली. आपली वाढ मात्र सॉफ्टवेअर, बँका, बांधकाम यांच्या बळावर झाली. जिथे चांगला पगार आहे तिथे माणसे थोडी लागतात, जिथे माणसे खूप लागतात तिथे पगाराची शाश्वती नाही. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, २०२३-२४ मध्ये ते ५८ टक्के झाले. नियमित पगारदार २२ टक्क्यांच्या आसपासच राहिले. शेतीवर जगणाऱ्यांचा वाटा कमी व्हायला हवा होता, तोही वाढला. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. पण त्यात पानटपरीवाला येतो, तसा घरच्या दुकानात पगाराविना राबणारा मुलगाही येतो.

आता २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आठवा. मुस्लिम कामगार नियमित नोकरीत कमी आणि स्वयंरोजगार, फेरी, घरबसल्या कामात जास्त आहेत, असे त्यात आकडेवारीनिशी मांडले होते. तेव्हा अनेकांनी हा एका समाजाचा प्रश्न मानला. कोणी त्याला मागासलेपण म्हटले, कोणी लांगूलचालनाची तयारी. आज दिसते ते असे, की सच्चर यांनी ज्या वाटेवर मुसलमानांना उभे पाहिले, त्याच वाटेवर देशातला मोठा वर्ग येऊन पोचला आहे.

भिवंडीला जाऊन पाहा. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी उभे केलेले हे यंत्रमागाचे गाव. सुताचे चढउतार, विजेचे बिल, नोटाबंदी आणि जीएसटी यांत कित्येक माग भंगारात गेले. शहराभोवती मात्र ऑनलाइन मालाची मोठमोठी गोदामे उभी राहिली. विकासदरात गोदाम मोजले जाते. मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कारीगराचा मुलगा त्याच गोदामात ठेकेदाराकडे रोजावर खोकी उचलतो. बापाला पेन्शन नव्हती, मुलालाही नाही. मग या घरात बदलले काय?

२०१४ मध्ये महाराष्ट्रात मराठा आणि मुस्लिम आरक्षणाचे अध्यादेश बरोबरच निघाले. दोन्ही मागण्यांच्या मुळाशी एकच भूक होती, पगाराची आणि इभ्रतीची नोकरी. भाकरीच लहान असेल तर तुकड्यावरून भांडणे होणारच. म्हणून मराठा शेतकऱ्याचा मुलगा आणि मोमीन विणकराचा मुलगा यांनी एकमेकांकडे संशयाने पाहण्यापेक्षा सरकारला मिळून विचारावे: या वाढीतून लेखी नेमणूक, भविष्य निर्वाह निधी आणि विमा असलेली कामे किती निर्माण झाली?

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारू. दहावीनंतर मुलाला कामाला जुंपताना आणि मुलीची शाळा सोडवताना आपण फक्त सरकारलाच दोष देऊ शकतो का? हक्क मागायचा तर तो पेलण्याची तयारीही घरातूनच सुरू करावी लागेल.