लर्निंग लायसनवर चिखलात उतरणाऱ्या आमच्या पोरांविषयी



आज मासळीचा दर, डिझेल, जेटीवरचा बर्फ ह्यातलं काही लिहीत नाही. आज पोरांविषयी लिहायचं आहे. थोडं लांब झालंय, पण बंदीचे दिवस आहेत, सगळ्यांना वेळ आहे. शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या पोरालाही वाचायला द्या.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपली बंदी. पहिल्या पंधरवड्यात होड्या वर ओढून झाकून होतात. मग जाळी शिवायची, इंजिन उघडायचं, तेही होतं. पुढे पोरांच्या हाताला काम राहत नाही. आमच्या वेळी आम्ही मानशीवर गरी टाकून बसायचो, पावसात फुटबॉल खेळायचो. आताची पोरं चिखलातच जातात, पण चार चाकं घेऊन. चिरेखाणीत, सड्यावर, ओहोळात जीप घालायची, अडकली की विंच लावून काढायची. ह्याला ऑफ-रोड म्हणतात. गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मूळ मलेशियातली स्पर्धा आली आणि आपल्याकडच्या पोरांना हे वेड जवळून दिसलं. ती मोठी स्पर्धा. तिथे तयारीचे लोक, तयारीच्या गाड्या. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा विषय आहे तो एका रविवारात उरकणाऱ्या लहान इव्हेंटांचा, आणि त्यात लर्निंग लायसनवर उतरणाऱ्या आमच्या पोरांचा.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या एका सभासदाचा मुलगा अशा एका लहान इव्हेंटमध्ये उतरला. नाव लिहीत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांना माहीत असायची गरज नाही. वय अठरा पूर्ण, लर्निंग लायसन निघून तीन आठवडे झालेले. बापाने घरच्या वापराला जुनी जीप घेतली होती, तीच नेली. फॉर्मवर एक प्रश्न होता, लायसन आहे का? पोराने 'हो' लिहिलं. खोटं नव्हतं ते. कुठलं लायसन, हे पुढे कोणी विचारलं नाही. बाजूच्या सीटवर त्याचा मित्र बसला, त्याचंही लर्निंगच.

तिसऱ्या उतारावर ओल्या मातीत गाडी घसरायला लागली. पोराने घाबरून क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. पुढचं चाक दगडाला लागलं, स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि गाडी कुशीवर पडली. बेल्ट लावला होता म्हणून जिवावरचं हातावर निभावलं. उजवा आंगठा आणि मनगट मोडलं.

१ ऑगस्टला बापाची होडी निघाली तेव्हा पोरगा प्लास्टर घालून जेटीवर उभा होता. बंदी उठल्यानंतरचे पहिले दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बापाला पोराच्या जागी रोजाने खलाशी घ्यावा लागला. जीपचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. आयोजकांनी पहिले दोन फोन घेतले, नंतर घेतले नाहीत.

आता आमची चूक सांगतो. इव्हेंटच्या आदल्या दिवशी पोराने सरावाचा व्हिडिओ पाठवला होता. तो आम्ही ह्याच पानावर टाकला, वर 'आमच्या गावचा वाघ' असंही लिहिलं. तुम्ही भरपूर लाइक दिले. त्या व्हिडिओत गाडीच्या पुढे लाल L ची पाटी स्पष्ट दिसते. सोसायटीत आम्ही सातजण, एकालाही ती दिसली नाही. व्हिडिओ आम्ही नंतर काढून टाकला. पण म्हणून आमची जबाबदारी संपली असं होत नाही.

हॉस्पिटलात पोराला विचारलं, "अरे, लर्निंगवर गेलास कसा?" तो म्हणाला, "लायसन आसा मरे काका!"

सगळा घोटाळा इथेच आहे. आपल्याकडे लर्निंग लायसन म्हणजे लायसन, असंच समजतात. तसं नाही. लर्निंग लायसन ही शिकण्याची परवानगी, तीही सहा महिन्यांची. पक्क्या लायसनच्या टेस्टला निदान तीस दिवस थांबावं लागतं, ते उगाच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ३ क्रमांकाचा नियम सरळ सांगतो: शिकणाऱ्याच्या बाजूला त्या गाडीचं पक्कं लायसन असलेला माणूस हवा, आणि त्याला गाडी ताब्यात घेता येईल, थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल L हवा. मित्र बाजूला बसला म्हणून भागत नाही. दोन शिकाऊ मिळून एक ड्रायव्हर होत नाही.

ज्यांच्याकडे मासळीची पिकअप आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. पिकअप ही ट्रान्सपोर्ट गाडी. वीस वर्षांखालच्या माणसाने ती सार्वजनिक जागी चालवायचीच नाही, असं मोटार वाहन कायदा म्हणतो. अठराव्या वर्षी पोरगा जीप शिकू शकतो, पिकअपची चावी त्याला देता येत नाही. आणि पोरगा अठराच्या आतला असेल, लायसन नसताना त्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बापाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंगही नाही. आपल्या घरात गाडीवर पोट चालतं. बारा महिने गाडी बंद म्हणजे काय, हिशेब करून बघा.

आयोजक म्हणतात, आमची जागा खाजगी, बंदिस्त, इथे लायसन लागतच नाही. लायसनचा नियम सार्वजनिक जागेसाठी आहे, त्यामुळे काही ठिकाणी त्यांचं म्हणणं कायद्यात बसेलही. पण घसरणीला कायदा कळत नाही. आणि चिरेखाणीपर्यंत गाडी उडत जात नाही, रस्त्यानेच जाते. त्या रस्त्यावर पोराच्या बाजूला कोण बसलेला असतो?

होडीवर आपण असं करतो का, ते आठवा. पोरगं पहिल्यांदा होडीवर येतं तेव्हा पाणी उपसतं, दोर आवरतं, जाळ्यातली मासळी सोडवतं. मग कधीतरी खाडीत, पाणी शांत असताना, बाप सुकाणू हातात देतो आणि स्वतः शेजारी बसतो. नंतर जानेवारीत दर्या निवलेला असतो तेव्हा बाहेर. नदीच्या मुखावर लाट फुटते, तिथून होडी काढायला दोन-तीन सीझन झाल्याशिवाय कोणी देत नाही. आणि जूनमध्ये तर जाणता तांडेलसुद्धा होडी काढत नाही. ऑफ-रोड म्हणजे गाडीचा जून महिना आहे. डांबरी रस्त्यावर महिनाभर न फिरलेल्या पोराला आपण एकदम जूनमध्ये उतरवतो.

कोणी म्हणेल, चिखलात वेग कुठे असतो, दहा-पंधराच्या स्पीडला काय व्हायचंय? आम्हीही असंच समजत होतो. म्हणून अपघातानंतर ह्या खेळातल्या जाणत्या दोघांना सोसायटीत बोलावून बसवून घेतलं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं.

चिखलाच्या उतारावर क्लचला पाय लावायचा नाही. लो गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. रस्त्यावर शिकणाऱ्याचा पाय मात्र घाबरला की आधी क्लचवर जातो, कारण गाडी बंद पडू नये हेच त्याला महिनाभर शिकवलेलं असतं. म्हणजे नवशिक्याची सवय इथे नेमकी उलटी पडते. उतारावर गाडी कधी आडवी घालायची नाही, आडवी झाली की लोळते. स्टिअरिंगच्या आत आंगठे घालून धरायचं नाही, आंगठे बाहेरच्या कडेवर ठेवायचे. ओहोळात गाडी घालण्याआधी माणसाने चालत जाऊन तळ बघायचा. इंजिनाने पाणी ओढलं तर ते जागच्या जागी फुटतं.

आणि विंच. हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. ट्रॉलरवर ताणातली वायर तुटली की काय करते ते आपण पाहिलंय. जुन्या खलाशांच्या अंगावर त्याच्या खुणा आहेत. ताणाच्या रेषेत उभं राहायचं नाही हे आपण पोरांना होडीवर ओरडून सांगतो. तिथे इव्हेंटमध्ये हीच पोरं मोबाईल घेऊन वायरीच्या रेषेत उभी असतात. जाणते लोक वायरीवर जड गोणपाट किंवा जाजम टाकतात, तुटलीच तर ती उडू नये म्हणून. त्या दिवशीच्या व्हिडिओत तसं काही कुठे दिसत नाही.

विम्याचंही समजून घ्या. आपली पॉलिसी काढून बघा, मागच्या पानावरचं बारीक अक्षर. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या दमाची चाचणी, ह्यांना विमा लागू नाही असं तिथे लिहिलेलं असतं. लर्निंगवाला चालवत असेल तर वरचा ३ नंबरचा नियम पाळलेला असला पाहिजे, हेही लिहिलेलं असतं. आमच्या सभासदाचा क्लेम ह्या दोन्हीत अडकला. कंपनीवर राग काढून उपयोग नाही, सही आपलीच आहे.

किनाऱ्याचं एकच सांगतो. चिरेखाण लांब पडते म्हणून काही पोरं सरावाला वाळूवर गाडी घालतात. पर्यटकाची गाडी वाळूत रुतली की आपण हसतो, ट्रॅक्टर लावून काढतो. आपल्याच पोराने घातली की मात्र 'सराव'. किनाऱ्यावर गाडी चालवायला गोव्यात बंदी आहे. तिथे आपली रापण ओढली जाते, आपल्या होड्या असतात, बायका मासळी वाळत घालतात, मुलं खेळतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. दर्या आपला म्हणायचा आणि किनारा चाकाखाली घालायचा, हे शोभत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या बैठकीत काही जुने सभासद म्हणाले, हे ऑफ-रोड बंदच करा, पोरांना घरी बसवा. हे आम्हाला पटत नाही. अठरा वर्षांचा पोरगा दोन महिने घरी बसत नाही. तो हायवेवर बाइकची शर्यत लावेल, नाहीतर बारमध्ये जाऊन बसेल. त्यापेक्षा चिखल बरा. शिवाय ही विद्या आपल्या उपयोगाची आहे. होडी ट्रॅक्टरने वर ओढायची, ओल्या उतारावरून पिकअप जेटीवर न्यायची, पुराच्या दिवसांत अडकलेल्याला काढायचं, ह्या सगळ्यात असा हात बसलेला माणूस लागतो. पोरांनी शिकावं. फक्त ज्या क्रमाने होडी शिकतात त्याच क्रमाने गाडीही शिकावी. शिकणं आणि शर्यत ह्या दोन गोष्टी आहेत. घड्याळ लावलं, लोक ओरडायला लागले, की शिकणारा शिकत नाही. तो फक्त मागे पडायला घाबरतो.

म्हणून आम्ही सोसायटीच्या वतीने हे म्हणतो:

१. लर्निंगवाल्याने स्पर्धेत गाडी चालवू नये. पक्कं लायसन मिळाल्यावर निदान एक पावसाळा रस्त्यावर चालवावी, मग उतरावं. तोपर्यंत मदतनीस म्हणून जावं, दोर-शॅकल हाताळावं, बघावं. तेही शिकणंच आहे.

२. सराव करायचा तर बंदिस्त जागेत, जागामालकाच्या परवानगीने, बाजूला जाणता पक्क्या लायसनचा माणूस घेऊन, घड्याळ न लावता. असा एक दिवस सोसायटीच भरवायला तयार आहे. ते दोघे जाणते शिकवायला येतो म्हणालेत, पैसे नकोत म्हणाले.

३. आयोजकांना विनंती: फॉर्मवर 'लायसन आहे का' एवढंच विचारू नका. लायसन हातात घेऊन बघा. बाजूला बसणाऱ्याचंही बघा. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स आहे का, ते आम्ही येऊन बघणार.

४. ज्या इव्हेंटमध्ये हे पाळलं जात नाही त्याला सोसायटीचा ट्रॅक्टर, शेड किंवा वर्गणी मिळणार नाही. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत ठेवतोय. ज्यांचा विरोध असेल त्यांनी येऊन बोलावं.

५. ह्या पानावर L पाटीच्या गाडीचा असा व्हिडिओ ह्यापुढे येणार नाही. लाइक कितीही मिळू देत.

ज्या पोराची गोष्ट सांगितली, त्याला हे लिहिण्याआधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, टाका. आंगठा अजून पूर्ण वाकत नाही, जाळं ओढताना डावा हात पुढे घेतो. ह्या वर्षी मात्र त्याला पक्कं लायसन मिळालंय. इव्हेंटला जाणार का विचारलं तर म्हणाला, नारळी पुनव झाल्यावर बघू, आधी होडी.

पालकांनो, आज रात्री पोराचं लायसन मागून घ्या आणि ते कुठलं आहे ते वाचा. आणि चावी कुठे टांगता, तेही एकदा बघा.

— सचिव, सोसायटीच्या वतीने